फक्त हात दिसतील

"हा डबा कोण बडवतंय?" मी स्वयंपाकघरातून ओरडलो.

रविवारची सकाळ होती. मी पोहे परतत होतो आणि बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर ढोलकी वाजत होती. म्हणजे ढोलकीसारखं काहीतरी. उजवीकडच्या शाईचा आवाज टणक हवा तो पिचका, डावीकडच्या धुमेला घुमारा नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तेच ते चऱ्हाट पुन्हा पुन्हा. ढोलकीच्या बाबतीत मी फार लवकर चिडतो. बाकीच्या बाबतीतही चिडतो, पण ढोलकीच्या बाबतीत मला तसा अधिकार आहे, अशी माझी समजूत आहे.

"कुणी नाही बडवत, बाबा," मुलगा म्हणाला. "इट्स अ लूप. लॅपटॉप वाजवतो."

आम्हाला कार्डिफला येऊन पंचवीस वर्षं झाली. मी भूलतज्ज्ञ आहे, बायको जीपी. दोघं नागपूरच्या एकाच मेडिकल कॉलेजचे, एकाच बॅचचे, त्यामुळे ती मला अरे-तुरे करते आणि मी ते ऐकून घेतो. मुलगा इथलाच जन्मलेला, तेवीस वर्षांचा. ब्रॅकनेलच्या एका कंपनीत डेटाचं काम करतो, बरेचसे दिवस घरून, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला मित्रांबरोबर राहतो. त्या सकाळी तो आला होता तो आईकडे. जेवणाच्या टेबलावर शिलाई मशीन मांडलं होतं आणि बायकोच्या एका जुन्या हिरव्या इरकलीवर दोघं मिळून कात्री चालवत होते. खाली कासोट्याची नऊवारी, वर खांदे उंच केलेलं जाकीट, असा काहीतरी बेत होता.

ते कशासाठी, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या घरात मी पहिलीवरच थांबलो होतो.

माझा मुलगा समलिंगी आहे, आणि तो बॉलरूममध्ये उतरतो. बॉलरूम म्हटल्यावर मला आधी कोट घातलेले साहेब आणि त्यांच्या मडमा गिरक्या घेताना दिसायच्या. हे ते नव्हे. अमेरिकेतल्या काळ्या आणि लॅटिन पोरांनी सुरू केलेली ही रीत आहे. घरच्यांनी बाहेर काढलेली, किंवा घरात राहूनही बाहेरच असलेली पोरं एकत्र येतात आणि आपलं एक 'हाउस' काढतात. प्रत्येक हाउसला एक 'मदर' असते, ती त्यांना सांभाळते, रागावते, जेवलात का विचारते. मग एखाद्या हॉलमध्ये हाउसा-हाउसांची स्पर्धा होते. मधली वाट मोकळी ठेवायची, नटूनथटून त्या वाटेवरून चालायचं, नाचायचं, आणि समोर बसलेले पंच गुण देणार. माझा मुलगा तिथे बाईच्या वेशात चालतो. तिथे सगळे त्याला 'शी' म्हणतात. मी घरी 'तो' म्हणतो. चालेल, असं त्यानंच सांगितलंय.

बायको पहिल्या वर्षापासून जाते. पुढच्या रांगेत बसते, ओरडून ओरडून घसा बसवून घेते, आणि सोमवारी दवाखान्यात पेशंटना सांगते की सर्दी झालीय. मी एकदाही गेलो नव्हतो.

अडीच वर्षांपूर्वी त्याने आम्हाला सांगितलं तेव्हा ती उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली. मी बसलो होतो तिथूनच म्हणालो, "माझी काही हरकत नाही." मला वाटलं, मी फार मोठं बोललो. माझ्या वडिलांनी काय केलं असतं ते आठवून मी स्वतःचीच पाठ थोपटली. महिन्याभराने त्याने पहिल्या वॉकचा व्हिडिओ मला फोनवर पाठवला. चार मिनिटांचा होता. मी वीस सेकंदांत 'छान' असं उत्तर पाठवून मोकळा झालो. हिशेब कळायला त्याला फार डोकं लागलं नसेल. त्यानंतर त्याने मला काही पाठवलं नाही. घरी यायचा, जेवायचा, माझ्या ब्लड प्रेशरची चौकशी करायचा, जाताना "बाय बाबा" म्हणायचा. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

तर ती इरकल एका सिनेमासाठी फाडली जात होती. सिनेमा म्हणजे कुठल्या कंपनीचा वगैरे नाही. त्यांच्यातल्याच दहा-बारा जणांनी मिळून करायला घेतलेला, गाण्यांचा. वेल्समधल्या एका समुद्राकाठच्या गावात काही पोरं हाउस काढतात, एवढीच गोष्ट. शेवटचा वॉक माझ्या मुलाचा होता. तिथे बाकी सगळं संगीत थांबून फक्त ढोलकी राहणार होती, आणि त्या ढोलकीसाठी हा डबा.

"यावर कुणी नाचू शकत नाही," मी झारा हातात घेऊनच बाहेर आलो. "ढोलकी नाचणाऱ्याबरोबर चालते. हा लूप कुणाबरोबर चालतोय? एकटाच पळतोय."

"वुई नो, बाबा. पण वाजवणारा कुणी नाही. वुई आस्क्ड अराउंड."

"म्हणून दुधाची तहान ताकावर?"

बायकोने मशीनवरून मान वर केली नाही. "वाजवणारा शोधायला पाहिजे रे कुणीतरी," ती दोऱ्याला म्हणाली. "चांगला. कार्डिफमध्येच कुठेतरी असेल."

मुलगा लॅपटॉपकडे बघत राहिला, आणि मला कळलं की हा मला विचारणार नाही. त्याने एकदा विचारलं होतं, चार मिनिटांचं, आणि त्याचं उत्तर त्याला मिळालं होतं. पोहे खाली लागल्याचा वास आला तेव्हा मी म्हणालो, "मी वाजवतो. पण एक अट आहे. माझा चेहरा दिसायला नको."

तो अगदी नीट, ऑफिसातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "शुअर. नो प्रॉब्लेम. फक्त हात दिसतील."

अट का घातली, ते सांगतो. इथल्या मराठी मंडळात मी ढोलकीवाले डॉक्टर आहे. गणपतीत आरतीला मी, दिवाळीच्या कार्यक्रमात लावणीला मी. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की मी ब्रॅकनेलची नोकरी सांगतो. ते खोटं नाही. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, कुणी दुसऱ्यांदा विचारलं की मला वाटायचं, याला माहीत आहे. मग मी पानात वाढलेल्या बटाट्याच्या भाजीची स्तुती सुरू करायचो.

ढोलकी मी शिकलो ती कॉलेजात असताना. हॉस्टेलमागच्या गल्लीत तबले-ढोलक्या मढवणारे एक म्हातारे होते. उमेदीच्या काळात ते तमाशाच्या फडात वाजवायचे. मी शरीरशास्त्र बुडवून त्यांच्या दुकानात बसायचो. मी आपल्या बोटांकडे बघत वाजवू लागलो की ते खेकसायचे, "हाताकडे काय पाहून रायला बे? हात पळून चालले काय? पायाकडे पाह्य." दुकानात नाचणारी कुठून येणार? मग म्हातारा स्वतःच धोतर सावरून चार पावलं टाकायचा, आणि मी त्या वाळक्या पायांवर नजर ठेवून वाजवायचो. त्यांचं एकच सांगणं होतं. वाटेत काय कसरत करायची ती कर, पण शेवटची थाप तुझी नव्हे, नाचणाऱ्याची. त्याचं पाऊल सांगेल तेव्हाच मारायची.

शूटिंग शनिवारी दुपारी होतं आणि त्या दिवशी शहरात रग्बीची मॅच होती, हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. पंचवीस वर्षं ज्या गावात राहतो तिथे ही चूक करणारे आम्हीच. रस्ते बंद. गाडी लांब कुठेतरी लावून बायको कपड्यांची बॅग आणि मी ढोलकी घेऊन चालत निघालो. सगळीकडे लाल जर्सी. एका धिप्पाड माणसाने गळ्यातली ढोलकी बघून हात जोडले आणि मला गाऱ्हाणं घातलं, "कम ऑन, डॉक्टर!" मी डॉक्टर आहे हे त्याला कसं कळलं देव जाणे, बहुधा कुठल्याही मध्यमवयीन भारतीय माणसाला तो असंच म्हणत असावा. मी भर चौकात केरव्याचा ठेका धरला. पन्नासेक माणसं नाचली, दहा-बारा फोनांनी माझं तोंड टिपलं. मला काही वाटलं नाही. हे सगळं बायको बघत होती, आणि तिने एक अक्षर काढलं नाही. तिचं बोलणं मी सहन करू शकतो, ते न बोलणं मला जड जातं.

जागा म्हणजे एका जुन्या चॅपलचा हॉल होता. बाकडी बाजूला सरकवून मधे वाट केली होती. दारावरच एक उंच, रुंद खांद्याचा माणूस उभा होता. डोक्यावर पिवळा विग, अंगात सोनेरी झगा. "डॉक्टर!" तो म्हणाला. "तुम्ही मला ओळखलं नाही."

नाही ओळखलं.

"मी पोर्टर आहे. गेली सहा वर्षं तुमच्याकडे पेशंट मीच घेऊन येतो. मंगळवारी त्या हिपवाल्या आजी आणल्या होत्या, सतत गात होत्या त्या." मग त्याने आवाज खाली आणला. "मी तुमच्या मुलाच्या हाउसची मदर."

सहा वर्षं. मी त्याला 'थँक यू' म्हणत होतो आणि ट्रॉलीवरच्या माणसाकडे बघत होतो. ते माझं कामच आहे, असं म्हणता येईल. त्या दिवशी मला ते म्हणावंसं वाटलं नाही. त्याने माझ्या हातातली ढोलकी घेतली, जपून, दोन्ही हातांनी, आणि आत नेऊन ठेवली.

हॉल गरम ठेवणारे रेडिएटर नुसते नावाला होते आणि ढोलकीचं पान उतरलं होतं. दोरीतल्या कड्या सरकवून मी सूर चढवत बसलो. सिनेमा करणारी मुलगी तिथे आली. वेल्सच्या डोंगराकडच्या खाणीच्या गावातली, पंचविशीची, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'लव्हली' म्हणणारी. तिने समजावलं. मी वाटेच्या टोकाला, पंचांच्या पायाशी बसायचं. मुलगा समोरच्या सज्ज्याखालून चालत माझ्याकडे येणार. एक कॅमेरा त्याच्या मागेपुढे फिरणार. दुसरा वर सज्ज्यात, माझ्यावर. "तुम्ही मान खाली घालून वाजवलंत की वरून फक्त हात आणि डोक्याचा वरचा भाग दिसतो. तुमची अट मला माहीत आहे. लव्हली."

डोक्याचा वरचा भाग म्हणजे टक्कल. मी म्हटलं, ठीक आहे.

बाकीचं तिला सांगावं लागलं नाही, मुलाने सांगितलं. नाच वाढत वाढत जातो आणि शेवटी एक मोठा ठोका येतो, त्याला हे लोक 'क्रॅश' म्हणतात. त्या ठोक्यावर नाचणाऱ्याने एक पाय दुमडून पाठीवर उलटं पडायचं. ती 'डिप'. ठोका आणि पाठ एकाच वेळी जमिनीला लागली पाहिजेत, नाहीतर सगळं फुकट. आमच्याकडे सम असते तसंच, मी म्हणालो. तो म्हणाला, "येस, एक्झॅक्टली," आणि आम्ही दोघंही जमिनीकडे बघत होतो.

पहिला टेक सुरू झाला. मी मान खाली घालून वाजवायला लागलो. सज्ज्याखालून टाचांचा आवाज येत गेला. रुपेरी टाचा, डावीचा पट्टा जरा सैल, उजवीच्या टोकाला चरा. त्या चपलांचं वर्णन मी आजही करू शकेन, कारण दिसलं ते तेवढंच. टाचा जवळ आल्या, गिरक्या सुरू झाल्या, मी लय चढवत नेली, एक तिहाई घेतली, आता पाऊल सांगेल म्हणून थांबलो. पाऊल काही सांगेना. मी आणखी एक तिहाई घेतली. तो आणखी गिरक्या घेत राहिला. शेवटी मी वैतागून थाप मारली तेव्हा तो उभाच होता. एक क्षणाने पडला.

"लव्हली," वरून आवाज आला. "पुन्हा करू या."

दुसऱ्या वेळी तो आधी पडला, थाप मागून. तिसऱ्या वेळी मी आधी. चौथ्या वेळी आम्ही इतका वेळ घोळत राहिलो की पंच झालेल्या पोरांपैकी एकीला हसू आवरेना. पाचव्या टेकला तो पडला त्याचा आवाज मला आवडला नाही. जमीन दगडाची होती.

"चहा," ती मुलगी म्हणाली.

मी बायकोला म्हणालो, "हॉल दमट आहे. पान सारखं उतरतंय. आणि टाचांचा आवाज घुमतो इथे, नीट ऐकू येत नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं," बायको म्हणाली आणि बिस्किटं आणायला निघून गेली.

मुलगा माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला. लिपस्टिक जाऊ नये म्हणून स्ट्रॉने चहा पीत होता. मी त्याच्या कपाकडे बघत होतो.

"बाबा, तुम्ही कशाची वाट बघता? शेवटी?"

"तुझ्या पावलाची. पाऊल पडलं की थाप."

"ओह." तो म्हणाला. "मी तुमच्या थापेची वाट बघतो. लूपमध्ये क्रॅश आपोआप येतो ना. मला वाटलं, तुम्ही देणार."

म्हणजे मी त्याच्यासाठी खोळंबलो होतो आणि तो माझ्यासाठी. सांगायला सोपं होतं, त्याने किंवा मी, कुणीतरी मोजून घ्यायचं. मी तसं म्हणणार तेवढ्यात तो म्हणाला, "पण तुम्ही बघत नाही माझ्याकडे. मग पाऊल कसं कळणार?"

"ऐकतो ना. टाचा वाजतात."

"त्या काकांच्या वेळी तुम्ही ऐकत नव्हता. बघत होता."

कोणते काका, हे मला लगेच कळलं. मंडळात मुंबईचे एक फायनान्सवाले गृहस्थ होते. दिवाळीला मिशी उतरवून, नऊवारी नेसून लावणी करायचे, आणि फार छान करायचे. हॉल डोक्यावर घ्यायची मंडळी. ढोलकीला अर्थातच मी.

"मी नऊ वर्षाचा होता," मुलगा म्हणाला. त्याचं मराठी असं आहे, आणि ते दुरुस्त करायचं मी कधीच सोडून दिलंय. "तुमच्या बाजूला बसला होता, स्टेजवर. तुम्ही पूर्ण टाइम त्यांच्या पायाकडे बघत होता. हसत होता. सो हॅपी. आय थॉट, हे असं असतं. कुणी नाचला की बाबा असं बघतात."

तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. तेच वाईट होतं. मी मूर्खासारखं म्हणालो, "वर कॅमेरा आहे."

"आय नो." त्याने कप खाली ठेवला. "इट्स फाइन, बाबा. रिअली. तुम्ही खालीच बघा. मी आठ मोजतो आणि पडतो, तुम्ही पण आठ मोजा. माझी काही हरकत नाही."

माझंच वाक्य होतं ते. त्याने मुद्दाम वापरलं नाही, मला खात्री आहे. आमच्या घरात कुणाला मोकळं सोडायचं असेल तर हेच म्हणतात, असं तो माझ्याकडून शिकला होता. मला माझी लाज वाटली. परक्यांच्या चौकात मी तोंड वर करून वाजवलं होतं, आणि माझ्या पोराला मी टक्कल देऊ केलं होतं.

मोठी वाक्यं मला जमत नाहीत, जमली होती तेव्हा काय झालं ते सांगितलंच आहे. मी जाऊन ढोलकीपाशी बसलो आणि कड्या पुन्हा चढवल्या.

सहाव्या टेकला मी मान वर केली.

सज्ज्याखालच्या अंधारातून तो आला. काय सांगू? हिरवा रंग त्याला फार खुलतो, हे मला माहीत नव्हतं. भुवया कोरलेल्या, कपाळावर चंद्रकोर, खांदे मागे, आणि चेहऱ्यावर असा तोरा की आपण उठून वाट द्यावी. मग चार पावलांवर त्याच्या लक्षात आलं की मी बघतोय. तोरा एकदम गळून पडला. क्षणभरच. तोंड उघडं राहिलं, पुढचं पाऊल अडखळलं, आणि मी ते अडखळणं ढोलकीत घेतलं, उलटा बोल काढून, जणू ते तसंच बसवलेलं होतं. म्हाताऱ्याने मला तेवढ्यासाठीच शिकवलं असावं. तो हसला. मग जो नाचला, तो मी पाच टेक ऐकला होता तो नाच नव्हताच.

तो जिकडे जाईल तिकडे मी गेलो. मनगट फिरवलं की शाईवर बोट, कंबर मोडली की धुम. गिरक्या सुरू झाल्या, लय चढली. नेमाप्रमाणे मी पायाकडे बघायला हवं होतं, पण माझी नजर गेली छातीकडे. तीस वर्षं दुसरं काय करतोय मी? माणूस श्वास कधी घेतो, कधी सोडतो, कधी धरून ठेवतो, यावर माझं पोट चालतं. शेवटच्या गिरकीला त्याने श्वास धरला. पाऊल अजून पडायचं होतं, पण मला कळलं. मी थाप मारली आणि त्याच थापेत त्याची पाठ जमिनीला लागली.

हॉलमध्ये जो गलका झाला त्यात पोर्टरचा आवाज सगळ्यात वर होता. बायको बिस्किटांचा पुडा घेऊन रडत होती. मी अजून वाजवतच होतो, थांबायचं असतं हे विसरून.

ती मुलगी सज्ज्यातून धावत खाली आली. ती माझ्याशी फार हळू बोलली. "यात तुमचा चेहरा आला आहे. पूर्ण. मी तो कापू शकते, वरचा भाग झाकू शकते. नाहीतर आणखी एक टेक घेऊ. तुम्ही सांगाल तसं."

"टक्कल चालत होतं ना?" मी म्हणालो. "मग चेहऱ्याने काय घोडं मारलंय? राहू दे."

हे मी तिला इंग्रजीत कसं सांगितलं ते आठवत नाही. घोडं आलं असणार, कारण ती गोंधळली. मग समजली, आणि पहिल्यांदाच 'लव्हली' न म्हणता गेली.

सिनेमा पुढे लहान लहान हॉलांमध्ये दाखवला गेला, कार्डिफला, लेस्टरला, आणखी दोन-तीन गावांत. मंडळातल्या लोकांनी पाहिला. कुणी ढोलकीचं कौतुक केलं आणि बाकीच्याबद्दल मूग गिळून बसले. एक गृहस्थ आता आरतीला माझ्यापासून दोन माणसं सोडून उभे राहतात. आणि एक बाई, नवऱ्याच्या नोकरीमुळे नुकत्याच आलेल्या, कार पार्कमध्ये माझ्याजवळ आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, आमची मुलगी... तुम्ही सुरुवात कशी केलीत?" मी म्हटलं, चुकीची केली, माझं ऐकू नका, बायकोला विचारा. त्या दोघी तिथेच पाऊण तास बोलत उभ्या होत्या. मी गाडीत बसून राहिलो.

पण त्या दिवसाचं एक राहिलं. पोरं दिवे उतरवत होती, वायरी गुंडाळत होती. मुलगा हॉलच्या पायरीवर एकटाच बसला होता, रुपेरी चपला काढून. मी ढोलकी गवसणीत घालत होतो.

"बाबा," तो म्हणाला, "जरा बघता का?"

त्याने इरकल वर सरकवली. डावा गुडघा सुजला होता, आणि ती आजची सूज नव्हती. वाटीच्या बाजूला जुना, पिवळा पडलेला डाग होता, त्यावर नवा.

"हे कधीपासून?"

"लास्ट इयर. त्याच्या पण आधी. डिप करताना हा पाय खाली येतो ना."

"घरात दोन डॉक्टर आहेत. आईला का नाही सांगितलंस?"

"आईने तुम्हाला सांगितलं असतं." तो गुडघ्याकडेच बघत होता. "मग तुम्ही विचारलं असतं, कशाने झालं."

मी त्याच्या समोर खालच्या पायरीवर बसलो आणि त्याची टाच माझ्या मांडीवर घेतली. हात गार होते, ते आधी एकमेकांवर घासून घेतले. मग वाटीच्या कडेने अंगठा दाबत गेलो.

"दुखलं की सांग. इथे?"

"नाही."

"इथे?"

"हो, बाबा. तिथे."